मेलानोमाच्या (त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या) उपचारात एक्सोसोम आणि प्रकाश यांचा एकत्र उपयोग कसा होतो?

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या, मेदाचे दुहेरी आवरण असलेल्या सूक्ष्म पिशव्या होत. प्रकाशोपचारात प्रकाशसंवेदी औषध गाठीत पोहोचवून त्यावर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकतात. तेव्हा पेशीतील ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप तयार होते, आणि ते जिथे जन्मते तिथून अगदी जवळच्या परिसरातच आघात करत असल्यामुळे औषध नेमके कुठे उतरते यावर सारे अवलंबून असते. अशी अनेक औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांचे गोळे होतात. एक्सोसोममध्ये भरल्यास ती पेशीत सहज शिरतात.

मेलानोमाची खरी अडचण मेलॅनिन आहे. हे काळसर रंगद्रव्य प्रकाश स्वतःच शोषून घेते आणि घातक ऑक्सिजनलाही निष्प्रभ करते, म्हणून त्वचेत अधिक खोल जाणारा निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश वापरण्याकडे संशोधकांचा कल आहे. मरणाऱ्या कर्कपेशींमधून बाहेर पडणारे घटक रोगप्रतिकारशक्तीला जागे करतात, आणि मला स्वतःला ही शक्यता सर्वांत मोलाची वाटते.

मात्र मेलानोमाच्याच पेशींचे एक्सोसोम रोग पसरवण्यास हातभार लावतात, त्यामुळे ते कोणत्या पेशींपासून घ्यावेत हा प्रश्न गौण नाही. हे काम मुख्यत्वे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर चालले आहे. रुग्णाने या उपचाराची वाट पाहत न थांबता वेळेवर शस्त्रक्रिया आणि आवश्यक तेथे इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध बळ देणारे उपचार) घ्यावी, ही कळकळीची विनंती.