वाचकांचे प्रश्न : केळींना पाणी सोडलं का?

प्रश्न : बाई, ख्रिस्तात नमस्कार. मी विरारला राहते, नोकरी चर्चगेटला. घरी सासरे आहेत, वय ८४. दोन वर्षांपासून त्यांना आठवत नाही. आमची केळीची आणि फुलांची वाडी होती, ती विकली, आता तिथे इमारत आहे. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की बाबा विचारतात, "केळींना पाणी सोडलं का?" पहिल्यांदा नीट उत्तर देते. दहाव्यांदा ओरडते. परवा तोंडून गेलं, "वाडी राहिलीय का आता? तुम्हीच विकलीत ना!" ते गप्प झाले आणि जेवले नाहीत. दर महिन्याला पापनिवेदनात, धर्मगुरूंपुढे पापं कबूल करताना, मी हेच सांगते, मनापासून ठरवते आणि आठ दिवसांत पुन्हा तेच. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? मनाला, विचारांना वळण लावून ती वाढवता येते का, की हे देवाच्या कृपेवर सोडून द्यावं?
– एक वाचक, विरार

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी बाबांच्या त्या न जेवलेल्या ताटापाशी थांबले. तुमचंही मन तिथेच अडकलं असणार, म्हणून तर पत्र लिहिलंत.

इच्छाशक्ती कमी आहे, हे मला पटत नाही. जी बाई वर्षानुवर्षं विरारच्या गर्दीत चढते-उतरते आणि घरी येऊन पुन्हा पदर खोचते, तिच्या इच्छाशक्तीला कुणी नाव ठेवू नये. शक्ती आहे, पण ती खर्च होते उशिरा. शब्द ओठांवर आल्यावर तुम्ही दात आवळता, तेव्हा बाण सुटलेला असतो.

आणि या वाटेवर तुम्ही एकट्या नाही. संत पौलासारखा माणूस रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात कबूल करतो, की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि जे नको तेच होतं. संत ऑगस्टीन ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत याच झगड्याने रडले. पुढे त्या दिवसाबद्दल लिहिताना ते म्हणतात, मन हाताला 'हल' म्हणतं तेव्हा हात तत्क्षणी हलतो, पण मन मनालाच आज्ञा करतं तेव्हा मन ऐकत नाही. कारण ती आज्ञा पूर्ण मनाची नसते. अर्धं मन हो म्हणतं, अर्धं मागे ओढतं. तुमच्या 'आता ओरडायचं नाही' या ठरवण्यात मला हेच दिसतं. ओरडायचं नाही एवढं ठरलं. पण त्या वेळी बाबांबद्दल मनात जे घर करून बसलेलं असतं, त्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही.

ते काय असतं? माझं सांगते. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं माझी जीभ फार तिखट होती. सातवीतल्या एका मुलाला वर्गासमोर असं काही बोलले, की तो आठवडाभर शाळेत आला नाही. ईस्टरच्या आधीच्या दर प्रायश्चित्तकाळात मी ठरवायचे, या चाळीस दिवसांत कुणाला टाकून बोलणार नाही. हा काळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारनंतरचा पहिला सोमवार आला की ते मोडायचं. शेवटी एका मे महिन्यात आठ दिवसांच्या मौन रिट्रीटला गेले. तिथल्या वयस्कर फादरांपुढे सगळं ओतलं. मला वाटलं, धीर देतील. त्यांनी विचारलं, "हे कितव्या तासाला होतं?" मला सांगता येईना. इतकी वर्षं जे पाप कबूल करत होते, त्याची वेळसुद्धा मला ठाऊक नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी टाचणवहीच्या मागच्या पानावर रेघा आखल्या. दर दिवसाला दोन, एक सकाळची आणि एक दुपारनंतरची. टाकून बोलले की रेघेवर एक टिंब. पहिल्या सोमवारी चार टिंबं पडली, शुक्रवारी अकरा. मी हादरले. फादरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की पाप वाढलेलं नाही, नजर वाढली आहे, चालू ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पान समोर धरलं तेव्हा दिसलं, बहुतेक टिंबं दुसऱ्या रेघेवर होती, मधल्या सुट्टीनंतरच्या तासांची. आणि प्रत्येक टिंबाच्या आधी मनात एकच वाक्य येऊन गेलेलं असायचं : 'हे मुद्दाम करतात.' ते वाक्य आलं की मी त्याला पाट मांडून बसवायचे. मग जिभेला काही सांगावं लागत नसे.

रेघांची ही पद्धत संत इग्नाशियस लोयोला यांची. हा माणूस मुळात शिपाईगडी. १५२१ साली स्पेनमधल्या पँप्लोनाचा किल्ला लढवताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या घरी महिनोन् महिने ते अंथरुणाला खिळून होते. हाताशी वाचायला ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा एवढंच. पडल्या पडल्या ते कधी पराक्रमाची, एका मोठ्या घरच्या स्त्रीची मर्जी जिंकण्याची स्वप्नं बघायचे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्हींत रमायचे. मग एके दिवशी लक्षात आलं, की पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं पडतं आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ प्रसन्न राहतं. विचार निघून गेल्यावर मागे कोणती चव राहते, हे त्यांनी पाहिलं. त्यांची पुढची सगळी शिकवण मला या एका पाहण्यातून उगवलेली वाटते.

त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ १५४८ साली छापला गेला. त्यात सांगितलंय, की एकच दोष धरा. सकाळी उठल्यावर त्याबद्दल सावध राहायचं ठरवा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, तासातासाचा हिशेब घेत, किती वेळा घसरलो ते रेघेवर मांडा. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजची कालच्याशी ताडून बघा. आणि घसरलात त्या क्षणी हात छातीवर ठेवा. चारचौघांतही हे करता येतं, कुणाला कळत नाही. मला यातलं सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं असेल तर तो हात. खडू धरलेला हात छातीशी नेला, की पुढचं वाक्य निम्मं गिळलं जायचं.

त्याच ग्रंथात ते म्हणतात, की सैतान एखाद्या सेनापतीसारखा वागतो. किल्ल्याभोवती फिरतो, तट कुठे कच्चा आहे ते हेरतो आणि तिथेच घाव घालतो. आपल्या वसईच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ल्याच्या बुरुजांखाली सुरुंग पेरले होते. तट पडला तेव्हा आवाज झाला, पण खणणं आधीच चाललं होतं. तुमचा कच्चा तट कुठला? पत्रावरून वाटतं, संध्याकाळची ती पहिली पंधरा मिनिटं. आणि खणणारं वाक्य कुठलं? ते तुम्हालाच शोधावं लागेल. 'दिवसभर राबून आले, तरी मलाच का' हे असेल. कदाचित वाडी विकल्याचा जुना सल असेल, कारण तुमच्या तोंडून नेमकं तेच बाहेर पडलं. रविवारी मिस्सानंतर, चर्चमधल्या उपासनेनंतर, एक कागद घेऊन बसा आणि ते वाक्य जसं मनात येतं तसंच लिहा. सजवू नका.

मग त्या वाक्याशेजारी दुसरं लिहा, पण ते खरं असायला हवं. इग्नाशियस ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगतात, की दुसऱ्याच्या बोलण्याला दोष लावण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावून बघायची तयारी प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ठेवावी. बाबांच्या प्रश्नाचा चांगला अर्थ लावून बघा. ज्या माणसाने जन्मभर पहाटे उठून वाडी शिंपली, तो नाव-गाव विसरत चालला, तरी आपली केळी तहानलेली राहू नयेत ही काळजी विसरलेला नाही. बाबा तुम्हाला छळत नाहीत. ते अजून वाडीवर आहेत, पहाऱ्यावर. हे मी तुमचं मन रिझवायला म्हणत नाही. हेच खरं आहे, आणि रोज दहा वेळा ऐकून ऐकून ते तुम्हाला ऐकू येईनासं झालंय.

हा विचार दारात पाऊल टाकल्यावर आठवणार नाही, त्याची तयारी गाडीतच व्हायला हवी. भाईंदरची खाडी आली की मोबाइल पर्समध्ये टाका. खाडीवरून गाडी जाते तेवढ्या वेळात दार, बाबांची खुर्ची आणि त्यांचा प्रश्न डोळ्यांसमोर आणा. मग प्रभूकडे नेमकं मागा. 'मला चांगलं कर' असं मोघम नको. 'आज बाबा विचारतील तेव्हा मला त्यांचा चेहरा बघू दे' असं मागा. आणि उत्तर तयार ठेवा. अरण्यात सैतानाने येशूला तीनदा मोहात पाडायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा येशूने शास्त्रातलं वचन पुढे केलं, तिन्ही बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली. चाळीस दिवसांच्या भुकेत ती वचनं ओठांवर होती, कारण ती आधीपासून अंतःकरणात होती. तुम्ही स्तोत्र १४१ मधली ओळ घ्या : माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ.

बाबांना काय उत्तर द्यायचं? खोटं बोलायची गरज नाही. उलट विचारा, "बाबा, राजेळी केळ कुठल्या बांधाला होती? केळी वाळवून सुकेळी कोण करायचं?" ते बोलतील. दहाव्यांदा विचारतील तेव्हाही विचारा.

आता कृपेचं. तुम्ही 'की' घालून विचारलंय, विचारांना वळण की कृपा. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल दोन्ही एका दमात सांगतो. आपलं तारण भीत भीत, झटून साधा, कारण इच्छा करणं आणि ती पार पाडणं या दोन्ही गोष्टी तुमच्यात देवच घडवतो. तुम्हाला ओरडल्याचं दुःख होतं ना, ती इच्छासुद्धा त्याचीच देणगी. बाबांना विचाराल तर ते सांगतील, विहिरीला पाणी आपण आणत नाही, पण केळीपर्यंत पाट काढायचा आणि तो रोज साफ ठेवायचा हे काम आपलं.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. टिंबं मोजताना जीव घाबरा होऊ लागला, रात्री झोप उडाली, जुनी पापं उकरून काढावीशी वाटली, तर वही मिटा आणि धर्मगुरूंशी बोला. खुद्द इग्नाशियस स्पेनमधल्या मन्रेसा गावी असताना कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करत सुटले होते, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत वेळ आली. शेवटी जुन्या पापांचा उच्चारच करायचा नाही असं ठरवलं, तेव्हा सुटले. हिशेब दोन मिनिटांचा असावा आणि शेवटी 'धन्यवाद प्रभू' असावं. आणि ताई, तुमच्या ओरडण्यात थकव्याचा वाटा मोठा आहे. घरी आल्यावर पहिली वीस मिनिटं बाबांजवळ तुमच्या यजमानांनी किंवा मुलांनी बसावं, हे आजच सांगा. बाबांना अजून डॉक्टरांना दाखवलं नसेल तर तेही करा. मदत मागायला लाजू नका.

आज रात्री त्यांचं ताट तुम्ही वाढा आणि जवळ बसा.

प्रश्न : मी दहावीत आहे. मिस्साच्या वेळी आणि घरी रोझरी म्हणताना माझं मन क्रिकेट, परीक्षा, कुठेही जातं. हे पाप आहे का? मन कसं आवरू?
– एक विद्यार्थी, नालासोपारा

उत्तर : बाळा, मन आपोआप गेलं तर ते पाप नाही. मुद्दाम तिकडे रमून बसलास तर ती गोष्ट वेगळी. कॅथलिक धर्मशिक्षण सांगतं, की भरकटलेल्या विचारांच्या मागे लागून त्यांना हुसकत बसलास तर त्यांच्याच सापळ्यात अडकशील. फक्त देवाकडे परत वळ. परीक्षा आठवली तर तीच प्रभूला सांग, 'गणिताची भीती वाटतेय', आणि पुढे चल. दहा वेळा गेलं तर दहा वेळा परत आण. प्रत्येक वेळी परत येतोस तेव्हा मनाला सवय लागते, आणि हीच सवय अभ्यासालाही कामी येईल. रोझरीत मध्येच हरवलास तर पहिल्या मण्यापासून सुरू करू नकोस. बोट ज्या मण्यावर असेल तिथूनच पुढचं 'नमो मरिये' म्हण.