वाचकांचे प्रश्न : एनओडी उंदीर आणि टाइप १ मधुमेह

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. घरात कुणालाच साखर नाही. या आजाराच्या जनुकांचा अभ्यास उंदरांवर करतात म्हणे. उंदराचं माणसाला कसं लागू पडेल?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी मनातली बोच काढून टाका. टाइप १ झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात हा आजार दुसऱ्या कुणालाच नसतो, तेव्हा सासर-माहेर धुंडाळू नका. गोड खाण्याने तो होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते.

एनओडी (नॉन-ओबीज डायबेटिक, म्हणजे लठ्ठ नसूनही मधुमेह होणारी) या जातीच्या उंदरात हेच आपोआप घडतं. ही जात जपानमध्ये शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाली. पहिला अहवाल १९८० चा. तिच्या १७व्या गुणसूत्रावरच्या एमएचसी जनुकात (आपलं-परकं ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणाऱ्या) एक खोट आहे : एका प्रथिनात ५७व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी सेरीन येतं. माणसातल्या याच जनुकाच्या, धोका वाढवणाऱ्या डीक्यू८ प्रकारातही नेमक्या त्याच जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल नसतं. पण हीच खोट सी५७ब्लॅक६ जातीच्या उंदरात आणली तर मधुमेह होत नाही. म्हणजे ती लागतेच, पण एकटी पुरत नाही. इतर जनुकं आणि परिस्थितीही जुळून यावी लागते. मुलाला जुळा भाऊ असता, अगदी हुबेहूब, तरी त्यालाही आजार झालाच असता असं नाही.

एनओडीत लागू पडलेले बरेच उपाय माणसात फसले आहेत. टी-पेशींना (बीटा पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना) आवरणारी सीडी३-विरोधी प्रतिपिंडं मात्र याच उंदरांतून पुढे आली. त्यांतलं टेप्लिझुमॅब अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. ते आजार लांबवतं, आणि तेही लक्षणं दिसण्याआधी दिलं तर. तुमच्या मुलाचं इन्सुलिन त्याने सुटणार नाही.

प्रश्न : आमच्या २० एनओडी माद्यांपैकी ३० आठवड्यांत ७ जणींनाच मधुमेह झाला. पुरवठादार ७०% च्या वर सांगतो. जात बिघडली का? आयडीडी-३ (मधुमेहाच्या धोक्याशी जोडलेला गुणसूत्राचा तुकडा) ची काँजेनिक जात, म्हणजे दुसऱ्या जातीचा फक्त तेवढा तुकडा आणलेली एनओडी, करायची आहे, ती आता करावी का?
– संशोधक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : इतक्यात नको. खरं प्रमाण ७०% असतं, तर २० पैकी ७ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता हजारात जेमतेम एक. तेव्हा हा योगायोग नाही. पण जातीवर खापर फोडण्याआधी खोली तपासा. एनओडीची गंमत अशी की जंतूंचा संसर्ग झाला की मधुमेह कमी होतो. खोली जितकी स्वच्छ, तितका तो जास्त. पोटातले जंत, उंदरांचा यकृतशोथाचा विषाणू, सगळं पाहा. सोलापूरच्या मे महिन्यात कूलर लावला असेल तर आधी तो बंद करा : बाहेरची न गाळलेली हवा आणि ओल थेट पिंजऱ्यांवर येते. गाळलेल्या हवेचं एसी हवं, २० ते २४ अंश, आणि लोड शेडिंगसाठी जनरेटर. खाद्य नि भुसा ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा) आणि खाद्याचा प्रकार मध्येच बदलू नका. त्यानेही आकडे हलतात.

दुसरी शंका मोजणीची. महिन्यातून एकदा तपासलं तर मधल्या काळात मेलेल्या माद्या हिशेबातून निसटतात. १० आठवड्यांपासून दर आठवड्याला लघवीतली साखर दाखवणारी पट्टी लावा. पट्टी रंगली की शेपटीच्या टोकाचा एक थेंब ग्लुकोमीटरवर घ्या, आणि सलग दोनदा २५० मिग्रॅ/डेसिलीटरच्या वर आलं तरच मधुमेह लिहा. भुसा नेहमीपेक्षा लवकर चिंब होणारा पिंजरा आधी उघडा.

प्रमाण सुधारल्यावर काँजेनिककडे वळा. सी५७ब्लॅक६चा आयडीडी-३ तुकडा घेऊन एनओडीशी दहा पिढ्या परतसंकर करा, म्हणजे तुकडा असलेली पिल्लं दर पिढीत पुन्हा एनओडीशीच जोडा. मार्कर (कुठला डीएनए कोणत्या जातीचा हे दाखवणाऱ्या खुणा) तपासून पिल्लं निवडली तर पाचही पुरतात. दहाव्या पिढीत दुसऱ्या गुणसूत्रांवरचं परकं द्रव्य ०.२% च्या आसपास उरतं. पण तुकड्याला चिकटून आलेला शेजारचा भाग सहजी सुटत नाही, आणि फरक या तुकड्यातल्या आयएल-२ जनुकाचा की शेजाऱ्याचा, हे तिथेच अडतं. म्हणून तुकडा आणखी लहान असलेल्या उपजातीही वेगळ्या ठेवा.

माद्या ६ ते ८ आठवड्यांच्या असतानाच जोडीला लावा. मधुमेह सुरू झाला की पिल्लं मिळत नाहीत. आणि तुलना पुरवठादाराच्या आकड्याशी नको. एकाच वेतातली, एकाच पिंजऱ्यात वाढलेली, तुकडा नसलेली भावंडंच तुलनेला धरा.