गोव्यात ११ महिन्यांचा करार मध्येच सोडला तर डिपॉझिट बुडतं का?

म्हणजे पर्वरीत फ्लॅट, करार ११ महिन्यांचा, पाचवा महिना चालू, पुण्याला बदली आलीय आणि मालक म्हणतो 'लॉक-इन आहे, डिपॉझिट विसरा'. मीही इकडेच भाड्याने राहतो आणि मुदतीआधी घर सोडलेलं आहे, म्हणून लिहितो.

आधी करार काढा आणि दोनच कलमं बघा: लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची. लॉक-इन सहा महिन्यांचा असेल तर वाद फार तर महिना-दीड महिन्याच्या भाड्याचा आहे, अख्ख्या डिपॉझिटचा नाही. काही करारांत लॉक-इन संपल्याशिवाय नोटीसच देता येत नाही अशी ओळ असते, ती मात्र नीट वाचा.

लॉक-इन पूर्ण ११ महिन्यांचा असेल तर तुमची बाजू लंगडी आहे. तरी 'डिपॉझिट जप्त' असं छापलंय म्हणून सगळे पैसे आपोआप मालकाचे होत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४: करारात दंड लिहिलेला असला तरी तो कमाल आकडा, मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. घर महिन्याभरात दुसऱ्याला गेलं तर सहा महिन्यांचं नुकसान कुठून दाखवणार? अर्थात एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढण्यात अर्थ नाही. कलमाचा उपयोग बोलणी करताना.

'१५ दिवसांची नोटीस पुरते' असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका. तो नियम महिन्याच्या भाडेकरूचा. मुदत उलटल्यावर नवा करार न करता भाडं देत राहिलेल्यांना तो उपयोगी, तुम्हाला नाही.

आता खरी गोष्ट. मालकाला भीती असते घर रिकामं पडण्याची, आणि गोव्यात ती महिन्यावर ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनाऱ्याजवळचं घर सोडलंत तर मालक आतून खूशच, सीझनचे पाहुणे दारात उभे. जूनमध्ये सोडलंत तर भिंतीला ओल, कपाटाला बुरशी, बघायला येणारं कुणी नाही. पर्वरीचं तसं बरं आहे, पणजीत नोकरी करणारे वर्षभर घर शोधत असतात. म्हणून नवा भाडेकरू तुम्हीच आणा. ऑफिसात विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर टाका. माणूस समोर उभा केलात की मालकाचा आवाज खाली येतो. ब्रोकरचं कमिशन तुम्ही भरतो म्हणालात तर आणखीच.

नोटीस लेखी द्या, ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर, तारखेसह. तोंडी 'बघू हां' वर विसंबू नका. आणि भाडं परस्पर थांबवून 'डिपॉझिटमधून वळतं करा' असं कळवू नका. मालक परदेशात असेल तर हा मार्ग सोयीचा असतो हे खरं, पण आधी त्याचा लेखी होकार घ्या.

चावी देताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, आणि 'घर ताब्यात मिळालं, एवढी रक्कम परत देणं बाकी' अशी मालकाची दोन ओळींची सही. पावसाळ्यातली ओल तुमच्या नावावर रंगकाम म्हणून लागते ती याच वेळी. नळ गळत असेल, खिळ्यांची भोकं असतील तर आधी स्वतःच बुजवून टाका. शे-दोनशेचं काम मालकाच्या हिशोबात हजारांचं होतं.