पासवर्ड बरोबर, घड्याळ चुकीचे

प्रश्न : कार्यालयातील एका संगणकावर सर्व्हरवरच्या सामाईक फाइल्स अचानक उघडेनाशा झाल्या. पासवर्ड अचूक होता. तंत्रज्ञाने सात मिनिटे मागे पडलेले घड्याळ बरोबर लावताच सारे सुरळीत झाले. प्रवेशाचा घड्याळाशी काय संबंध?

उत्तर : संबंध अगदी थेट आहे. तुमच्या वर्णनावरून तेथे नेटवर्कवर ओळख पटवण्याची कर्बरॉस ही पद्धत वापरात असावी. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात ती आकाराला आली आणि विंडोज २००० पासून कार्यालयांमध्ये रुळली. हिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून पाठवलाच जात नाही. मध्यवर्ती सर्व्हर तुमची ओळख पटवून घेतो आणि एक तिकीट देतो. ते फाइल सर्व्हरच्या गुप्त किल्लीने बंद केलेले असल्यामुळे तुमच्या संगणकाला ते उघडताही येत नाही आणि बदलताही येत नाही, नुसते पुढे करता येते.

पण नेटवर्कवर पाळत ठेवून बसलेल्या कोणालाही त्या तिकिटाची नक्कल मिळू शकते. म्हणून संगणक सोबत एक चिठ्ठी जोडतो : आपल्या घड्याळातील त्या क्षणाची वेळ, त्याच्या आणि फाइल सर्व्हरच्या दोघांपुरत्या तात्पुरत्या किल्लीने कूटबद्ध केलेली. सर्व्हर ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. सहसा ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. तेवढ्या अवधीत आलेल्या चिठ्ठ्या तो लक्षात ठेवतो आणि तीच पुन्हा आली तर नाकारतो, त्याहून जुनी असेल तर ती वेळेवरूनच बाद होते. तुमचा बिचारा संगणक सर्व्हरला जुनी चिठ्ठी खपवू पाहणाऱ्या भामट्यासारखा दिसला, इतकेच.

कर्बरॉस ज्या योजनेवर बेतलेली आहे, त्या संगणकशास्त्रज्ञ नीडहॅम आणि श्रोडर यांच्या १९७८ च्या मूळ योजनेत वेळेची ही अट नव्हती. जुनी तात्पुरती किल्ली हाती लागलेला माणूस दुसऱ्याच्या नावाने वावरू शकतो, हे डेनिंग आणि साको या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवून दिले आणि वेळेचा शिक्का हा उपायही त्यांनीच सुचवला.

घड्याळ हाताने लावणे ही मात्र तात्पुरती मलमपट्टी झाली. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपत आली असेल, तर ते पुन्हा मागे पडेल. तेव्हा ती तपासून घ्यावी आणि सर्व संगणकांना एकाच वेळ-सर्व्हरशी जोडावे. काही जण कटकट नको म्हणून ५ मिनिटांची मर्यादाच वाढवून टाकतात. तसे करू नये, कारण चोरलेली चिठ्ठीही मग तितकाच अधिक वेळ ग्राह्य ठरू शकते.