जुना लॅपटॉप अजून फिटलेला नाही

प्रश्न: मी ३४ वर्षांचा आहे, स्वतंत्रपणे व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. पहिल्यापासून एकाच ब्रँडचे लॅपटॉप वापरतोय, आताचा तिसरा. तो अडीच वर्षांचा झालाय, खूप तापतो, एक्स्पोर्टला (अंतिम व्हिडिओ फाइल बनवायला) वेळ लावतो. त्याच ब्रँडचं नवं अल्ट्रा-थिन मॉडेल घ्यावं असं मनात आहे. मित्र म्हणतो, दुसऱ्या कंपनीचा जाडसर घे, बराच स्वस्त पडेल. माझी महिन्याची सरासरी कमाई १०० धरली, तर पातळ लॅपटॉप २२० ला आहे आणि जाडसर १३० ला. पातळवर क्रेडिट कार्डाचा २४ महिन्यांचा शून्य व्याजाचा ईएमआय मिळतोय. कार्डावर सध्या १८० बाकी आहेत, त्यात आताच्या लॅपटॉपचेही आहेत. व्याज महिना ३ टक्के, पण ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) मी एकदाही चुकवलेला नाही. १२० ची मुदत ठेव आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. मागच्या वर्षी महिना ८ ची गॅरंटीड पॉलिसीही सुरू केली: १० वर्षं हप्ते, १५ वर्षांनी १६०० हातात. काम बहुतेक घरीच, मोठा मॉनिटर लावून. पण क्लायंटसमोर चांगलं मशीन दिसलं तर रेट वाढवता येईल. कोणता घेऊ?

उत्तर: आत्ता कोणताच नाही.

लॅपटॉपबद्दल सांगतोच, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य लॅपटॉपचं नाही. ‘मिनिमम ड्यू मी एकदाही चुकवलेला नाही,’ हे ते वाक्य. तुम्ही ते अभिमानाने लिहिलंय आणि त्यात तुमचा दोष कमी आहे. बिलावर तो आकडा असा छापतात की तेवढा भरला म्हणजे सगळं सुरळीत आहे असं कुणालाही वाटावं. आता हिशोब पाहा. १८० वर महिना ३ टक्के म्हणजे साधारण साडेपाच व्याज. बिलाच्या ५ टक्के मिनिमम धरलं तर तुम्ही भरता ९. म्हणजे मुद्दल फिटतं जेमतेम साडेतीन. या गतीने, कार्डावर एकही नवी खरेदी न करता, बाकी निम्मी व्हायलाच पावणेतीन वर्षं लागतील. अडीच वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अजून त्या बाकीत का बसलाय, याचं उत्तर हेच.

त्याच कार्डावर तुम्ही २२० चा नवा ईएमआय चढवायला निघाला आहात. ‘शून्य व्याज’ म्हणजे काय ते आधी दुकानात विचारा: एकरकमी दिले तर किती कमी कराल? १० टक्के सूट मिळत असेल तर तुम्ही १९८ ची वस्तू २२० ला घेताय. दोन वर्षांच्या हप्त्यांत ते वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास व्याज झालं, फक्त त्याचं नाव बदललंय. तुमच्या बाबतीत याहून वाईट गोष्ट पुढे आहे. बहुतेक कार्डांवर ईएमआयचा हप्ता त्या महिन्याच्या बिलात येऊन बसतो. पूर्ण बिल भरलं नाही, की न भरलेल्या रकमेबरोबर त्या हप्त्यावरही ३ टक्के सुरू. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही सहसा मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला शून्य व्याजाचा थोडाफार उपयोग असेल. तुम्हाला काहीही नाही.

आता मुदत ठेव. ‘हात लावायचा नाही’ ही शिस्त चांगली आहे, पण इथे तीच तुम्हाला खाते आहे. ठेवीतले १०० वर्षाला फार तर ७ कमावतात. कार्डावरचे १०० वर्षाला ३६ घेऊन जातात, आणि व्याजावर व्याज धरलं तर ४२ च्या पुढे. सुरक्षित वाटणाऱ्या त्या ठेवीपायी तुम्ही वर्षाला नऊ-दहा दिवसांची कमाई फुकट देताय. ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड या फरकापुढे किरकोळ आहे. २० हाताशी ठेवा, कारण तुमची कमाई दरमहा ठरलेली नाही. उरलेले १०० एकरकमी कार्डावर भरा. राहिले ८०. सध्या भरता ते ९ आणि नव्या ईएमआयला देणार होता ते ९, असे १८ दर महिन्याला तिथेच जाऊ द्या. पाच महिन्यांत कार्ड कोरं होईल. तोवर कार्डाने काहीही घ्यायचं नाही, किराणासुद्धा नाही.

पॉलिसीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगतो. एजंटने बहुधा ‘९६० भरा, १६०० घ्या, ६७ टक्के फायदा’ असं सांगितलं असणार. हप्ते १० वर्षांत विखुरलेत, पैसे मिळणार १५ वर्षांनी, म्हणजे तुमचा प्रत्येक पैसा सरासरी १० वर्षं अडकतो. हा वर्षाला ५ टक्क्यांच्या जरा वरचा परतावा झाला, तुमच्या ठेवीपेक्षाही कमी. ३६ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला १५ वर्षांची ५ टक्क्यांची योजना विकणं मला अजिबात पटत नाही, आणि अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज बंद केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवता येत असेल तर शेवटी किती. पहिला आकडा दुखेल, कदाचित शून्यही असेल. तरीही पुढची नऊ वर्षं हप्ते भरत राहण्याचं ते कारण होऊ शकत नाही. घरचे तुमच्यावर अवलंबून असतील तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) वेगळा घ्या.

आता लॅपटॉप. रोज खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्याला पातळ यंत्र खरोखर सुख देतं. हलकी बॅग आणि दिवसभर टिकणारी बॅटरी यासाठी जास्त पैसे मोजण्यात काही चूक नाही. लिहिणारे, शिकवणारे, बैठकांना फिरणारे लोक त्यात बसतात. तुमचं यंत्र मात्र टेबलावर मॉनिटरला जोडून बसतं. शिवाय एडिटिंगला लागतो तो दीर्घ दम. पातळ डब्यात उष्णता बाहेर काढायला जागा कमी, म्हणून पहिली काही मिनिटं तोच प्रोसेसर धावतो, मग गरम झाला की स्वतःच वेग उतरवतो. तुमचा सध्याचा लॅपटॉप एक्स्पोर्टला हेच करत असावा. ज्या गुणासाठी तुम्ही ९० जास्त देणार आहात, तोच तुमच्या कामाच्या आड येतो. पातळपणासाठी रॅमही बहुधा बोर्डावर सोल्डर केलेली असते. आज कमी घेतली की उद्या वाढवता येत नाही.

ब्रँडनिष्ठेचं थोडं वेगळं आहे. तुमचं सॉफ्टवेअर आणि विकत घेतलेले प्लगइन एकाच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असतील, तर ती सिस्टिम बदलण्याला खरा खर्च आहे, तो जरूर मोजा. पण झाकणावरच्या नावाला निष्ठा कशाला? आयबीएमचा थिंकपॅड २००५ मध्ये लेनोवोकडे गेला. सोनीने २०१४ मध्ये वायो विकून टाकला. अ‍ॅपलने २०१५ मध्ये पातळपणासाठी आणलेला बटरफ्लाय कीबोर्ड इतका अडकू लागला, की २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि पुढे तो कीबोर्डच सोडून द्यावा लागला. २०२१ मध्ये १६ इंची मॅकबुक प्रो आधीपेक्षा किंचित जाड झाला, आणि मॉनिटर जोडायचा एचडीएमआय पोर्ट व मेमरी कार्डचा स्लॉट परत आले. कंपन्या चुका करतात, सुधारतात, धंदा विकतात. तुम्ही दर वेळी ते एक मॉडेल तपासून घ्या.

क्लायंट आणि रेटबद्दल: तुमचा क्लायंट तयार व्हिडिओ बघतो, लॅपटॉपची कड नाही. नव्या मशीनमुळे रेट वाढेल ही आशा आहे आणि मी ती हिशोबात धरत नाही. दोन दिवसांचं काम दीड दिवसात झालं तर त्याला मी कमाई म्हणेन.

मधल्या काळात जुन्याचा पंखा साफ करून घ्या, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदला, बॅटरी फुगलेली नाही ना तेही बघून घ्या. मोठ्या फायलींच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवून कमी रिझोल्यूशनवर एडिट करा, मूळ फायली फक्त शेवटच्या एक्स्पोर्टला लावा. एखादं फारच जड काम आलं तर तेवढ्यापुरतं मशीन भाड्याने आणा आणि भाडं क्लायंटच्या बिलात धरा.

कार्ड कोरं झालं की तेच १८, आणि पॉलिसी थांबवली तर तिचे ८, असे महिना २६ बाजूला पडतील. पाच महिन्यांत १३० जमतात. म्हणजे आजपासून दहाव्या महिन्यात तुम्ही जाडसर लॅपटॉप रोख घ्याल, आणि रोखीची सूट मागायचा हक्क तुमचा असेल. तेव्हा स्वतःचा एक प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर न्या, अर्धा तास एक्स्पोर्ट चालवून वेग कुठे पडतो ते पाहा, आणि रॅम व एसएसडी वाढवता येतात का ते विचारा. बिल करताना दुकानदार वाढीव वॉरंटी पुढे करेल. त्यात पाणी सांडणं आणि पडणं धरलेलं नसेल तर नको म्हणा.