केमो चालू आहे, तरी खुर्चीतून उठत राहा

ताई, तुमची केमोची पहिली सायकल, म्हणजे औषधांचा पहिला टप्पा, परवाच झाली, म्हणून आधी हेच सांगते: सारखं पडून राहू नका. माझ्या घरच्यांनीही मायेपोटी पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून दिला. तिसऱ्या सायकलपर्यंत कमोडवरून उठताना भिंत धरावी लागली. वजन मात्र तेवढंच होतं! स्नायू झडताना चरबी किंवा अंगात साठलेलं पाणी ती घट झाकतं, तेव्हा काट्यावर विसंबू नका.

मी खुर्चीपासून सुरुवात केली. हातांची घडी घालून उठायचं, सावकाश बसायचं. आठ वेळा, दम खाऊन पुन्हा आठ. मग भिंतीला हात टेकून जोर. हे आठवड्यातून दोनदा. केमोनंतरचे वाईट दिवस घरातल्या घरात फेऱ्या, पुढे दहा मिनिटं चालणं, हळूहळू 30 पर्यंत, आठवड्यातून तीनदा. कॅन्सर रुग्णांच्या व्यायामाबद्दलच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही साधारण हेच प्रमाण आहे.

खाण्यात वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. मऊ भात आणि पातळ वरणावर ते भागत नाही. पूर्ण उकडलेलं अंडं, पनीर, मुगाचं धिरडं, जे तोंडाला रुचेल ते थोडंथोडं घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर व्यायाम बंद आणि लगेच दवाखान्यात फोन, रात्र असली तरी. प्लेटलेट फार उतरल्या असतील, हाडांत आजार असेल किंवा हातात पिक लाइन (औषध देण्यासाठी दंडातल्या शिरेत घातलेली नळी) असेल, तर वजन उचलण्याआधी विचाराच.