कारंजं नको, आधी पाण्याची सोय मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सदस्यांच्या प्रभागातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या नगरसेविका ताईंनी रहिवाशांना बोलावून सांगितलंय की जुनं उद्यान आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांचा त्या कायापालट करणार आहेत, तुम्ही फक्त यादी द्या. तुमच्या यादीत आत्ता कारंजं, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि प्रवेशद्वारावर कमान आहे. आणखी काय घालावं, असं तुम्ही विचारताय. माझ्या मते घालण्याआधी निम्मी यादी काढून टाका, कारंजं सगळ्यात आधी.

आमच्या रहिवासी संघाच्या निमित्ताने मी वेगवेगळ्या पक्षांच्या नगरसेवकांमागे बऱ्यापैकी फिरलोय. बहुतेक जण कामाला वाईट नसतात. पण त्यांच्या हाताशी असलेला पैसा मुख्यतः 'बांधा आणि बसवा' या प्रकारचा असतो. पुण्यात अंदाजपत्रकाला जोडलेली नगरसेवकांच्या कामांची 'स' यादी असते. ती बाकडी, कापडी पिशव्या आणि बादल्यांवर कशी खर्ची पडते, यावर तिथल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं लिहिलंय. यात दरवेळी काळंबेरं असतं असं नाही. बाकड्याच्या पाठीवर 'यांच्या प्रयत्नातून' असं रंगवता येतं, माळ्याच्या पगारावर काय रंगवणार?

आणि उद्याना‍ची वाट लागते ती माळी, पाणी, राखणदार आणि दुरुस्ती यांच्यावाचून. हा महसुली, म्हणजे दरवर्षी चालू राहणारा खर्च, तो उद्यान विभागाच्या वार्षिक तरतुदीतून आणि देखभालीच्या ठेक्यातून होतो. नगरसेवकाचं खरं वजन तिथे वापरून घ्यायचं असतं. ताईंना विचारा: आपल्या उद्यानाच्या देखभालीचा ठेका कुणाकडे आहे, मुदत कधी संपते, करारात माळी किती लिहिलेत आणि प्रत्यक्षात किती येतात? कराराची प्रत मागा. त्यांनी मागितली तर लवकर मिळते, तुम्हाला माहिती अधिकारात अर्ज करत बसावं लागेल.

दुसरी गोष्ट संयुक्त पाहणी. उद्यान एक दिसलं तरी त्याचे मालक अनेक. झाडं आणि खेळणी उद्यान विभागाची, दिवे विद्युतचे, नळ पाणीपुरवठ्याचा, स्वच्छतागृह आणि सीमाभिंत आणखी कुणाची. प्रत्येकाला वेगळी तक्रार केली की प्रत्येकाचं उत्तर एकच, 'हे आमच्याकडे येत नाही.' आमच्या नगरसेविकेने एका सकाळी सगळ्या कनिष्ठ अभियंत्यांना एकाच वेळी फाटकापाशी उभं केलं. कोपऱ्यातला दिवा महिनोन्‌महिने बंद होता. विद्युतवाले म्हणाले, फांद्या छाटल्याशिवाय शिडी लावता येत नाही. उद्यानवाले म्हणाले, छाटणीला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, अर्जच आलेला नाही. अर्ज तिथेच, खेळण्याच्या घसरगुंडीवर कागद ठेवून लिहिला गेला. पुढे माळ्याने दाखवलं की नळ एका टोकाला आणि पाईप मधल्या हिरवळीपर्यंतच पोहोचतो, म्हणून मागची झाडं दर उन्हाळ्यात जळतात. मागे एक जादा नळजोड एवढंच काम होतं. कुणाच्याही यादीत ते नव्हतं, कारण यादी करणाऱ्यांपैकी कुणी कधी माळ्याला विचारलंच नव्हतं. तुम्ही आधी त्याला विचारा, चहा पाजा.

पाण्याचं मी उगाच लावून धरत नाहीये. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघा. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, सुमारे १० एकरांचं. तिथे कालव्याचं पाणी बागेत फिरवलंय. हिरवळीवर पाऊल ठेवलं की शिट्टी वाजते म्हणून लोक कुरकुरतात, पण पाण्याची सोय आणि शिट्टी मारणारा माणूस दोन्ही आहेत म्हणून ती बाग टिकली आहे. तुमच्याकडे कालवा नसेल, पण मैलाशुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने मिळतं का, हे ताईंना विचारायला लावा. टँकरवर उद्यान जगवायचं आणि आत कारंजं, हे दर एप्रिलमध्ये हास्यास्पद दिसतं.

हे सगळं करण्याआधी जागा कुणाची ते तपासा. विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण आहे आणि ताबा महापालिकेकडे आहे, तर प्रश्न नाही. पण पुष्कळदा लोक ज्याला उद्यान म्हणतात ती एखाद्या ले-आऊटमधली १० टक्के मोकळी जागा निघते. ती तिथल्या भूखंडधारकांची असते आणि तिच्यावर पालिकेने खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. मग काम अर्धवट राहतं, आणि ताईंना दोष देऊन उपयोग नसतो. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि मंजूर नकाशा आधीच काढून ठेवा.

'उद्यान संस्थेला दत्तक देऊन टाकू' असं कुणी सुचवेलच. मुंबईत ओव्हल मैदान रहिवाशांच्या संस्थेने चांगलं राखलंय, ते खरं. पण त्याच मुंबईत दत्तक दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिले, सामान्यांना फाटक बंद झालं, आणि धोरणावरून एवढा गदारोळ झाला की जानेवारी २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. द्यायचंच तर फाटकाच्या वेळा आणि प्रवेश मोफत, हे करारात लिहून घ्या.

गल्ल्यांबद्दल एकच. पेव्हर ब्लॉक बदलायचं काम निघालं की उभं राहून बघा, झाडाच्या बुंध्याला चिकटून बसवू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ मध्ये बुंध्याभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, ते अभियंत्याला ऐकवा. आणि जे ब्लॉक चांगले आहेत ते बदलू नका म्हणून लेखी द्या. असं पत्र देणारे रहिवासी फार कमी असतात, त्यामुळे त्याची दखल घेतली जाते.

आता वेळेचं. आयुक्त पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक साधारण जानेवारीच्या आसपास स्थायी समितीपुढे ठेवतात, म्हणजे तुमचं काम पूर्वगणनपत्रकासह, म्हणजे खर्चाच्या अंदाजासह, दिवाळीच्या आधी खात्यात पोहोचलेलं हवं. फेब्रुवारीत गेलात तर 'वर्गीकरण करून घेऊ' असं उत्तर मिळेल. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कामाचे पैसे इकडे वळवायचे. मार्चअखेरच्या घाईत झालेली कामं कशी असतात ते तुमच्या पदपथावर दिसतच असेल. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी थेट कामं सुचवायची सोय आहे, तुमच्या महापालिकेत तसं काही असेल तर क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्या आणि छोट्या दुरुस्त्या त्यात टाका.

प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. व्यवहारात तिथे पक्षाचे कार्यकर्तेच संस्थेची टोपी घालून बसतात, पण तुमच्याकडे नोंदणीकृत संस्था असेल तर अर्ज करायला काय हरकत आहे?

राहता राहिला चार नगरसेवकांचा मुद्दा. पुण्या-मुंबईत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे सगळेच आता काम दाखवायच्या घाईत आहेत. तुमच्याकडेही वेगळं नसेल. ताई एका पक्षाच्या आणि उरलेल्यांतला एखादा दुसऱ्या पक्षाचा असेल, तर तो पुढच्याच वर्षी त्याच उद्यानात स्वतःची कमान घेऊन येईल. म्हणून देखभाल, पाणी आणि दिवे एवढ्याच मागण्यांचं एक पानी पत्र करा, त्यावर चौघांच्या सह्या घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयात आवक क्रमांक टाकून पोहोच घ्या. ताईंची सही पहिली घ्या, बाकीचे मग मागे राहत नाहीत.